शेवटच्या पानावरची तारीख

३ फेब्रु., सोम.

शनिवारी इथं लिहिलं ते दुरुस्त करते. लिहिलं होतं की शमुवेल मास्तरांच्या निधनवार्तेच्या कार्डावर महिना नव्हता आणि प्रेसवाल्यांनी अंदाजानं जानेवारी टाकला. खोटं आहे. महिना होता. ‘भूम येथील निवृत्त शिक्षक व आपल्या त्रैमासिकाचे लेखक १५ फेब्रुवारी रोजी प्रभूमध्ये विसावले.’ कार्ड आलं २० जानेवारीला. फेब्रुवारी अजून यायचा होता. लिहिणाऱ्याची चूक समजून मीच लाल पेनानं खोडून जानेवारी केलं. मास्तरांना दोनदा फोन लावला, उचलला नाही. गेलेला माणूस कसा उचलेल, असं मनात आलं आणि पान छपाईला सोडलं.

चौथीपर्यंत पप्पांनी मला घरीच शिकवलं, अंकाच्या प्रुफांवर. पहिला धडा हाच: मुळात नाही ते घालायचं नाही. प्रुफं आम्ही अजून मोठ्यानं वाचतो, पप्पा मूळ, मी प्रूफ. फक्त शेवटचं, निधनवार्तांचं पान नाही. आईची बातमी त्या पानावर छापली तेव्हापासून पप्पा ते वाचत नाहीत. म्हणून मला अडवायला कुणी नव्हतं. ही सबब नाही.

शनिवारचा फोन जसा आला तसा: मास्तरांचाच आवाज. “अंक पोचला, बाळ. छपाई छान. फक्त महिना चुकलाय.” मी काही बोलायच्या आत ठेवला.

४ फेब्रु., मंगळ.

पप्पांना सांगितलं. संपादक म्हणून रागावतील असं वाटलं होतं. कार्ड खिडकीशी धरून बघत राहिले. मग मास्तरांच्या ‘मृतांचे पुनरुत्थान’ लेखमालेचं बाड काढून शेजारी ठेवलं. अक्षर एकच. बातमी मास्तरांनी स्वतःच लिहिलेली.

“पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ,” पप्पा.

“पुढचा अंक एप्रिलात. आणि छापायचं काय? मास्तर हयात आहेत, की जानेवारीऐवजी फेब्रुवारी वाचावे?”

“जेवून घे.”

५ फेब्रु., बुध.

वाचकांची न फोडलेली पत्रं फोडली. उमरग्याच्या एक जुन्या वर्गणीदार बाई लिहितात: ‘परवा, पंधरा तारखेला दुपारी, शमुवेल मास्तर आमच्या दारात उभे होते. पाणी दिलं, घेतलं नाही. बोललेही नाहीत. तब्येत बरी आहे ना?’

पत्रावर तारीख १७ जानेवारी. कार्ड तेव्हा आलंही नव्हतं. ‘जानेवारी’ मी लिहायच्या तीन दिवस आधी.

तीनदा वाचलं. पप्पांना दाखवलं नाही. (का नाही, ते मला माहीत आहे: माझी चूक चूक नसेल तर, याची जास्त भीती वाटते.)

८ फेब्रु., शनि.

भूमला जाऊन आले. मास्तरांची खोली वस्तीच्या टोकाला. शेजारच्या पारूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

“मास्तर आहेत का?”

“हायेत की. पण आमी बोलत न्हाय त्यांच्याशी.”

“भांडण झालं?”

“छ्या. त्यांनीच सांगितलंय. पंधरा तारखेपस्तोर सवय लावून घ्या म्हनले.” हसल्या. “मला लई जड जातंय. म्या भाकरी ठिवते, खाकरते, आन माघारी येते.”

“भाकरी खातात का?”

“कवा खात्यात, कवा तशीच.”

मास्तर दाराकडे तोंड करून बसले होते. पुस्तकं शाळेला देऊन टाकलेली, भिंतीला फक्त फळ्या. चहा केला तो एकच कप, माझ्यासाठी.

माफी मागितली. म्हणाले, “छापलेल्याप्रमाणं मला जाऊन तीन आठवडे उलटले. लई शांत आहे इकडं.”

सरळच विचारलं, स्वतःला काही करून घेणार नाही ना. “बाळ, मी मास्तर होतो. आपला पेपर आपण तपासायचा नसतो.” तरी पारूबाईंना लक्ष ठेवायला सांगून आले.

तारीख कशी कळली? “कळत नाही. लेख लिहिता लिहिता हात दुसरंच लिहितो. आधी मीही खोडायचो.”

पंधरा जानेवारीला कुठं होता? “इथंच निजलो होतो. पारूबाई हाका मारत होती, पण लांबून. तहान नव्हती. त्या बाईंना वाईट वाटलं असेल.”

उमरग्याच्या पत्राबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

निघताना म्हणाले: “कार्ड छापायला पाठवलं नव्हतं. तुझ्या आईचंही नाही.”

“मग कशाला?”

“कुणीतरी यावं म्हणून.”

आईचं कार्ड? प्रवासभर तेच डोक्यात.

१० फेब्रु., सोम.

विचारलं. पप्पांनी बायबलच्या कव्हरच्या आतून काढलं. आईचं नाव, ती गेली त्या शुक्रवारची तारीख, मास्तरांचं अक्षर. कार्ड आलं होतं त्याआधीच्या मंगळवारी. आई दवाखान्यात होती, दोन दिवसांत घरी सोडतो असं डॉक्टर म्हणत होते.

“शकुन मानणं पाप आहे,” पप्पा म्हणाले. “मी मानला नाही.”

“शुक्रवारी कुठं होता तुम्ही?”

“प्रेसमध्ये. अंक अडला होता.”

मी मामाकडे होते. म्हणजे आईजवळ कुणीच नव्हतं. हे आम्ही दोघांनी मिळून आज पहिल्यांदा मोजलं. ते पाप होतं की नाही, याचा लेख आमच्या कुठल्याच अंकात नाही.

१२ फेब्रु., बुध.

पप्पांना सांगितलं, मी मास्तरांकडे जाणार. लपवून जायचं नव्हतं.

“पंधराला नको.”

“का?”

“पंधराला गेलीस तर तारीख मानलीस.”

“आणि नाही गेले तर?”

उपरण्यानं चष्मा पुसत राहिले. “सोमवारी जा. सोमवारी मीही येतो.”

सोमवार म्हणजे सतरा.

दोन दिवस बायबलातली वचनं काढून बघतेय. शकुनाविरुद्धची सापडतात, आजाऱ्याला भेटायला जाण्याची सापडतात. मास्तर आजारी नाहीत. नुसते बसलेत. तारीख खरी असेल असं मी म्हणत नाही. खोटी आहे असंही लिहिणार नाही, एकदा खोडून झालंय.

पारूबाईंचा फोन आला होता. आज भाकरी तशीच. हाक मारली तर ‘ओ’ आली, पण आतून नाही, मागच्या शेताकडून. जाऊन बघितलं तर मास्तर आतच, सतरंजीवर. “ताई, तुमी येनार असला तर लौकर या. मला एकटीला भ्या वाटतंय.”

त्यांना सांगितलं: शुक्रवारी. १४ फेब्रुवारी, सकाळच्या भूमच्या गाडीनं. राहायला येतेय.