पितळी बिल्ले

अण्णा, तुमच्या कारखान्यातल्या टूलरूमची शिस्त मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात आणली आणि तिनेच तो गाळा रिकामा केला. गाळा म्हणजे सामायिक कार्यशाळा. थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगची टेबले, मोजमापाची उपकरणे सर्वांची. ज्याला जे सुचेल ते त्याने तिथे येऊन बनवावे. मी वाणिज्य शाखेचा, स्वतः काही बनवता येत नाही, म्हणून व्यवस्था माझ्याकडे आली.

लहानपणची खंडेनवमी आठवते. सातपूरच्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा आहेत, घरच्यांना आत सोडले आहे. मी, तुमचा मुलगा, खुंटीवरचा पाना उचलतो आणि तुम्ही चारचौघांत माझा हात धरता. "आधी बिल्ला, मग पाना." हत्यार नेणाऱ्याने आपला पितळी बिल्ला त्या खुंटीवर लावायचा, हा तुमचा नियम. मी तसेच बिल्ले तांबटांकडून करून घेतले, तेव्हा गाळ्यात येणारी सगळी तरुण मंडळी हसली होती. "काका, नोंदीसाठी ॲप बनवून देतो की!"

पिंपळगावची एक मुलगी कांदा साठवायच्या चाळीतला ओलावा मोजणारे यंत्र बनवत होती. एका शनिवारी मल्टिमीटर जागेवर नव्हता, खुंटीवर बिल्लाही नव्हता. सोमवारी तिने तो आणून ठेवला. "चाळीत मोजून बघायचं होतं काका. घाईत बिल्ला लावायचा राहिला."

मी सर्वांसमक्ष तिचा बिल्ला मागून घेतला, म्हणजे तिला हत्यारे बंद.

"मीटर आलाय ना परत? मग राग कशाचा?" असे म्हणून ती गेली. त्या आठवड्यात इतरांनीही आपापले बिल्ले माझ्या टेबलावर आणून ठेवले. वाद कोणीच घातला नाही. तुमचे कामगार बोलणी खाऊनही दुसऱ्या दिवशी येत, कारण त्यांना यावेच लागे. माझ्याकडची माणसे स्वखुशीने येत होती. हा फरक मला फार उशिरा कळला. महिनाअखेर गाळा सोडतो आहे. प्रिंटरवर धूळ आहे, ती पुसण्याचीही इच्छा होत नाही.

काल तिला फोन करून क्षमा मागितली. "असू द्या हो काका. आम्ही सगळे आता चाळीतच बसतो, खाटेवर पसारा मांडून. काही हरवत नाही अन् वेळेवर काही सापडतही नाही!" मागे काही जण हसले. ते आवाज माझ्या ओळखीचे होते.

मीही येऊ का, हे विचारायचे होते, विचारले नाही. ती नको म्हणेल अशी भीती नव्हती. ती 'या' म्हणाली असती, आणि तिथे बसून मी काय करणार, हे मला सांगता आले नसते.