शब्दकोड्यावरील आवक शिक्क्याबाबत

प्रति,
मा. विस्तार अधिकारी (ग्रामपंचायत),
पंचायत समिती, वडगाव मावळ, जि. पुणे.

अर्जदार : श्रीपती केरू मालपोटे, वय ६९, सेवानिवृत्त पॉइंट्समन (रेल्वे), रा. मौजे उंबरशेत, ता. मावळ.

विषय : ग्रामपंचायतीच्या वाचन-कक्षातील वर्तमानपत्राच्या शब्दकोड्यावर शिक्का मारणे बंद करून उभ्या शब्दांच्या चौकटी पूर्वीप्रमाणे मोकळ्या ठेवण्याबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायत उंबरशेत यांची नोटीस, दि. ५ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

विषय वाचून आपणास हसू आले असल्यास अर्जदाराची हरकत नाही. हसून झाल्यावर पुढील मजकूर वाचावा, ही विनंती.

१. अर्जदार रोज सकाळी नऊ वाजता पंचायतीच्या वाचन-कक्षात जातो. तेथे वर्तमानपत्राची एकच प्रत येते. तिच्या शेवटून दुसऱ्या पानावर शब्दकोडे असते व त्याला रोज एक विषय असतो. कधी गडकिल्ले, कधी स्वयंपाकघर, कधी शेतीभाती. अर्जदार निळ्या पेनाने फक्त आडवे शब्द भरतो आणि घरी येतो. दुपारी चारनंतर श्री. महिपती गणपत येवले (यापुढे 'सदर इसम') तेथे येतात व हिरव्या पेनाने उभे शब्द भरतात. सदर इसम हे अर्जदाराचे व्याही असून अर्जदाराची मुलगी अपेक्षा त्यांच्या घरी, गावातच खालच्या आळीला, सुखाने नांदते. अर्जदार व सदर इसम गेली सहा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत.

२. न बोलण्याचे कारण आपणास सांगणे भाग आहे. अपेक्षाचे लग्न कार्ले फाट्याजवळच्या कार्यालयात झाले. आपल्याकडची रीत आपण जाणताच. वरबापाच्या डोक्याला पहिला फेटा, मग बाकीच्यांना. त्या दिवशी मांडवात गर्दी फार, फेटेवाला घाईत. त्याने विचारले, "पहिला कुणाला?" अर्जदाराने समोर जे उभे होते त्यांच्याकडे बोट केले. ते सदर इसमांचे चुलतभाऊ हौशीराम निघाले. रेल्वेत तेहतीस वर्षे जी गाडी आधी येईल तिला आधी वाट दिली, ती सवय मांडवात नडली. चूक कळेपर्यंत हौशीरामांचा तुरा निघाला होता. सदर इसम खुर्चीवरून उठले व एवढेच म्हणाले, "आमी काय हितं खुर्च्या मोजाया आलोय व्हय?" आणि पंगतीला न बसता मोटारसायकलवरून घरी गेले. अर्जदाराने त्याच दिवशी जाऊन हात जोडायला हवे होते. तो गेला नाही. फेटेवाल्याच्या चुकीसाठी आपण का वाकावे, असे त्यास तेव्हा वाटले. नंतर वाकावेसे वाटले, पण उशीर झाला होता, आणि उशीर झालेल्या गोष्टीला रोज आणखी एक दिवस उशीर होतो.

३. कोड्याचा व्यवहार ठरवून सुरू झालेला नाही. चार वर्षांपूर्वी एके दिवशी 'भातशेती' असा विषय होता. अर्जदाराचे आयुष्य लोणावळ्याच्या फलाटावर गेलेले. आडवे कसेबसे जमले, उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जुना अंक पाहतो तो सर्व उभे शब्द हिरव्या शाईने भरलेले. अक्षर ओळखीचे होते. लग्नाची यादी सदर इसमांनी स्वहस्ते लिहिली होती व ती अजून अर्जदाराच्या कपाटात आहे. त्या दिवसापासून अर्जदाराने उभ्या शब्दांना हात लावलेला नाही. येत असले तरी लावलेला नाही. अर्जदाराचे एखादे अक्षर चुकले तर सदर इसम त्यावर बारीक हिरवी रेघ मारत आणि योग्य अक्षर शेजारी लिहीत. चार वर्षांत अशा एकूण एकेचाळीस रेघा आल्या. त्यांपैकी एकीचाही अर्जदारास राग आला नाही.

४. या व्यवहाराचा उपयोग काय, असे आपण विचाराल. गेल्या भाद्रपदात सलग चार दिवस उभे शब्द रिकामे राहिले. पाचव्या दिवशी अर्जदाराने अपेक्षास फोन करून सासऱ्यांची प्रकृती विचारली. ती म्हणाली, "अण्णा, तुम्हाला कुणी सांगितलं? मामंजींना दवाखान्यात ठेवलंय, पण कुणाला कळवायचं न्हाई म्हणून ताकीद दिलीय त्यांनी." अर्जदाराने तिला सांगितले की कोणीच सांगितले नाही, आणि ते खरेच होते. ते चारही अंक अर्जदाराने तसेच गठ्ठ्यात वर ठेवले. सदर इसम बरे होऊन आले त्या दिवशी चारही कोड्यांचे उभे शब्द एका बैठकीत भरले गेले. त्या संध्याकाळी अर्जदार दोन पोळ्या जास्त जेवला, असे त्याची पत्नी सौ. धोंडाबाई सांगते.

५. सप्टेंबरअखेर आमच्या ग्रामपंचायतीत श्रीमती अमृता देशमाने या नवीन ग्रामपंचायत अधिकारी रुजू झाल्या. बाई कामाला चोख आहेत, हे अर्जदार मोकळ्या मनाने लिहून देतो. त्यांनी दाखले वेळेवर दिले, गळका नळ बदलला, आणि कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवून त्यावर गोल शिक्का मारण्याचा नियम केला. वर्तमानपत्र हाही येणारा कागदच. शिपाई बाजीराव रोज त्यास आवक क्रमांक देतो व शिक्का नेमका कोड्यावर मारतो. अर्जदाराने विचारले तेव्हा तो म्हणाला, "आबा, माजा काय गुन्हा? आख्ख्या पेपरात शिक्का उमटाय मोकळी जागा तेवढीच घावती." त्याचे म्हणणे खरे आहे. बाकी सगळीकडे बातम्या असतात.

६. जांभळ्या शाईवर निळा पेन नीट उमटत नाही, तरी अर्जदार नेट लावून लिहीत राहिला. परंतु दि. ५ नोव्हेंबर रोजी 'आवक झालेल्या अभिलेखात अनधिकृत नोंदी व खाडाखोड केल्याबाबत' अशी नोटीस भिंतीवर लागली. नोंदी अनधिकृत असतील, पण बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापलेल्या उत्तरांवरून ते सिद्ध झाले असते, मात्र नेमका त्या उत्तरांवरच त्या दिवशीचा शिक्का बसला होता. सदर इसम हे नवलाख उंबरे या गावच्या एका कारखान्यात चोवीस वर्षे पहारेकरी होते, त्यामुळे ते लेखी सूचना पाळतात. त्या दिवसापासून हिरवी शाई दिसलेली नाही.

७. अर्जदार बाईंना समक्ष भेटला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, मी दोघांना रोज एकेक झेरॉक्स देते. घरी नेऊन पूर्ण सोडवा." यामागे त्यांचा हेतू चांगला होता. परंतु दोन झेरॉक्स म्हणजे दोन कोडी, आणि दोन माणसे आपापल्या घरी. अर्जदाराने स्वतःचे वर्तमानपत्र विकत घेऊनही पाहिले. तीन दिवस आडवे-उभे सर्व एकट्याने भरले. कोडे सुटले, करमले नाही. चौथ्या दिवशी त्याने अंक बंद केला.

८. शेवटी बाईंनी मार्ग सांगितला की, दोन्ही वाचकांनी एकत्र सही करून संयुक्त अर्ज द्यावा, म्हणजे तो आपणाकडे पाठवता येईल. येथे अर्जदार अडला. सही मागायची तर बोलावे लागेल, आणि बोलता आले असते तर कोड्याची गरजच नव्हती. मुलीला मध्ये घालावे, तर लेकीने सासर सांभाळावे की बापाचे निरोप पोचवावेत?

९. सबब विनंती की,
(अ) वर्तमानपत्र आवक नोंदवहीतून वगळावे. ते शक्य नसल्यास शिक्का शेअरबाजाराच्या पानावर मारावा. ते पान आमच्या गावात कोणी उघडत नाही.
(आ) कोड्यातील लिखाण खाडाखोड समजू नये. हिरव्या रेघेसही माफी असावी.
(इ) संयुक्त सहीची अट शिथिल करावी.
(ई) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास, निदान उभ्या चौकटींवर शिक्का पडणार नाही एवढी काळजी घ्यावी. आडव्यांचे अर्जदार पाहून घेईल.

१०. सोबत दि. १२ नोव्हेंबरचे कोडे जोडले आहे. नोटीस असतानाही अर्जदाराने त्यातील आडवे शब्द भरले, याबद्दल होईल ती कारवाई त्यास मान्य आहे. त्या दिवशीचा विषय 'लग्नघर' होता आणि अर्जदारास राहवले नाही. त्यात ९ आडवा असा आहे : 'मांडवात व्याह्याला सर्वांआधी द्यावा लागतो (दोन अक्षरे)'. त्यापुढे अर्जदाराने ठळक अक्षरांत 'फेटा' लिहिले आहे. सहा वर्षांपूर्वीची चूक अर्जदारास कबूल आहे, याचा हा लेखी पुरावा समजावा. हे कोडे बंद झाले तर या दोन घरांतल्या दोन म्हाताऱ्यांमध्ये काहीही उरत नाही, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

११. बाईंच्या नियमाचा अवमान होऊ नये म्हणून खाली दुसऱ्या सहीची जागा सोडली आहे. हा अर्ज आज सकाळी वाचन-कक्षातील वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून अर्जदार घरी जात आहे. दुपारी चारनंतर ती जागा भरल्यास अर्ज संयुक्त समजावा. न भरल्यास एकट्याचा समजावा. दोन्ही परिस्थितींत बाजीराव तो उद्या वडगावला घेऊन येईल.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
श्रीपती केरू मालपोटे
मौजे उंबरशेत, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. नोटिशीची नक्कल.
२. भाद्रपदातील चार कोडी, दोन्ही शायांसह. (पाहून परत करावीत.)
३. दि. १२ नोव्हेंबरचे कोडे. आडवे भरलेले, उभे रिकामे.

दुसऱ्या अर्जदाराची सही व अभिप्राय :

(हिरव्या शाईत)
अर्ज वाचला. सही केली आहे. जोडलेल्या कोड्यात ९ आडवा चुकला आहे. 'फेटा' नव्हे, 'मान'. शिक्क्याचा कागद असल्यामुळे मी रेघ मारलेली नाही. उद्या चारला न येता सकाळी नऊला येतो. व्याह्यांनी माझ्यासमोर बसून स्वतःच्या हाताने दुरुस्त करावा. तोवर बाजीरावाने अर्ज वडगावला नेऊ नये.

महिपती गणपत येवले