पहिला शब्द कोणी काढायचा

१२ जानेवारी १९५८

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. लिहिलं नाही तर कोणाला तरी चावेन.

आज राजाने सिफाऊची कोलाच्या झाडांची बाग स्वतःच्या मेहुण्याला, लासिसीला, देऊन टाकली. लासिसी बोलला, राजाने ऐकलं, निकाल लागला. सिफाऊ बाहेर अंगणात गुडघ्यांवर बसून होती — तिला आत बोलावलंच नाही! नवरा गेल्यापासून तीन पोरं त्या बागेवर वाढवते आहे ती. एकाच बाजूचं ऐकून निवाडा करणारा म्हातारा दुष्ट, हे आमच्या इदी-ओसे गावात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मी चोवीस वर्षं शाळेत तेच शिकवलं.

आणि आमची पंचायत? पाच पुरुष सरदार, आणि बायकांची पुढारी म्हणून सहावी मी. पाचही जण तोंडात गुळणी धरून बसले होते. फादाइरो तर चक्क घोरत होता. मीही गप्प राहिले. राजाला चारचौघांत उलट बोलायचं नसतं म्हणे. सगळ्यात जास्त राग त्याचा आला आहे.

१३ जानेवारी

सिफाऊ दारात आली. गावातल्या बायका मला आईच म्हणतात, तीही. रडली नाही. म्हणाली, "आई, बाग गेली तर गेली. पण मला विचारलं का नाही?"



१५ जानेवारी

ओतुन अकिनबोडेंना, म्हणजे आमच्या थोरल्या सरदारांना, घेऊन राजाला एकांतात भेटले. रीतसर गेले, गुडघे टेकले, सगळं केलं. तो मुकुटाच्या मण्यांच्या झालरीआडून म्हणतो, "मला प्रश्न विचारायचा नसतो, मास्तरीणबाई. हे तुम्ही शाळेत शिकवत नाही का?"

शिकवते ना! पुढचंही शिकवते. राजाला प्रश्न विचारायचा नाही, पण पंचायत त्याच्याकडे कोरून वाळवलेला, झाकण घातलेला भोपळा पाठवू शकते. झाकण काढलं आणि आत काही नसलं, की समजायचं — माणसांनी सोडलं, धरणीने सोडलं. आजोबांच्या काळी राजाला जीव द्यावा लागे. आता साहेबाचा कायदा आहे, म्हणून नुसतं गाव सोडायचं.

१९ जानेवारी

ओतुनांच्या ओसरीवर सगळे जमलो. मी स्पष्टच म्हटलं, भोपळा पाठवा. सगळे कोलाच्या बिया चघळत बसले! चाळीस वर्षांत आमच्या गावाने एकही राजा घालवलेला नाही. सगळी काय देवमाणसं होती?

मी म्हटलं, "तुमच्या टोप्यांखाली डोकी आहेत की नुसत्या टोप्याच?"

फादाइरोने एक डोळा उघडला. "टोपी चांगली आहे, बाई. बायकोने शिवली आहे." आणि पुन्हा मिटला.

भेकड, सगळे भेकड. घरी येऊन यामचे उकडलेले कंद इतके कुटले की शेजारीण विचारायला आली, पाहुणे आहेत का.

२१ जानेवारी

ओतुन स्वतः आले. मला कोणीच न सांगितलेली गोष्ट सांगून गेले.

"राजा एकटा जात नाही, बाई. पंचायतीत तो शब्द जो पहिल्यांदा काढतो, तोही त्याच दिवशी गाव सोडतो. कायमचा. नाहीतर आम्ही दर पावसाळ्याला नवा राजा बसवला असता."

"मग मी परवा बोलले ते?"

"ओसरीवरचं धरत नाहीत. पंचायतीच्या चटईवरचं धरतात." मग चप्पल घालता घालता म्हणाले, "आम्ही भेकड आहोतच. पण का, ते तुम्हाला माहीत असावं."

२२ जानेवारी

नियम बरोबर आहे. म्हणूनच जास्त संताप होतो आहे. वाडवडिलांनी पळवाट म्हणून ठेवली नाही कुठे.

२६ जानेवारी

उद्या पंचायत. मी बोलणार.

ट्रंक भरली. दोन लुगडी, चष्मा, या वह्या. आईला रीतीप्रमाणे या घराच्या जमिनीतच पुरलं आहे, मधल्या खोलीत. तिला काही बांधून नेता येत नाही. संध्याकाळभर तिथेच चटई टाकून बसले. भीती वाटते. एकसष्टाव्या वर्षी कोणत्या गावात जाऊन, कोणाच्या दारात उभी राहू?

२७ जानेवारी

घसा साफ केला. तोंड उघडलं — आणि शेजारून आवाज आला, "भोपळा पाठवा."

फादाइरो! टक्क जागा!

ओतुनांनी तीनदा विचारलं, शब्द कोणाचा. तीनदा तो म्हणाला, माझा. मग बाकीच्यांनी एकेक करून होकार दिला. मीही दिला.

दुपारी त्याच्या घरी जाऊन भांडले. माझा शब्द तुम्ही का पळवलात? मोठेपणा हवा होता का? त्याची बायको गाठोडी बांधत होती, माझ्याकडे बघेना. तो म्हणाला, "बाई, झोपायला मला कुठलंही गाव चालतं. तुमचं तोंड मात्र या गावाला लागणार आहे."

२ फेब्रुवारी

राजा ३० तारखेला पहाटे गेला, फादाइरो नवराबायको त्याच सकाळच्या लॉरीने. नवा राजा बसेपर्यंत ओतुन निवाडे करतात. दोन दिवस दोन्ही बाजू ऐकल्या, लासिसीचीसुद्धा. बाग सिफाऊला मिळाली. तिने कोलाची टोपली आणून दिली. मी ती फादाइरोच्या बंद दारापाशी ठेवून आले.

१४ सप्टेंबर

नव्या राजाने आज दोन कुंभारणींच्या भांडणात एकीचंच ऐकून निकाल दिला. दुसरी बाहेर उभी होती. तसं लहानसंच प्रकरण. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी काही बोलले नाही.