गुलाबी औषध, हिरवा उजेड

हैदराबाद, ६ डिसेंबर २०२४

ती. वामनदादास, धाकट्या मालनचा सा. न. वि. वि.

फोनवर तुले आयकू येत नाही, मनून दवाखान्यातून एका डोळ्यानं लिवून राह्यली. ओळ वाकडी गेली तर हासू नको. ज्वारीच्या कुसासंगं डोळ्यात बुरशी गेली मन्ते. थेंबाच्या बाटल्या सरल्या, पण बुबुळावरचा पांढरा डाग हटत नाही. आता डॉक्टरीनबाई डोळ्यात गुलाबी औषध टाकून त्यावर हिरवा उजेड सोडणार. त्यानं बुरशी मेली तर ठीक, नाही तर मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा बसवा लागंल. लय भेव वाटते, दादा.

कुस जिभेनं काढलं मनून सांगतलं, तर बाई भडकलीच! आपल्या अर्ध्या जैनथ गावाच्या डोळ्यातला कचरा मी जिभेनं काढला, माझ्या डोळ्यातला तेवढा तुले काढा लागला. मनाले लावून घेऊ नको. भाकर शेजारच्या रेणुकाबाईले माग, लाजू नको.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी मालन

जैनथ, ११ डिसेंबर

चि. मालनबाईस, दादाचे पोटभर आशीर्वाद.

मनाले कसा लावून घेऊ नको? माझी तंबाकूची जीभ! गावातला चंपत डोळा चोळत तुले इचारत आला, त्याले सरळ आदिलाबादच्या दवाखान्यात धाडलं.

दारात कोणी हाका मारल्या तर तू सांगत होती. आता रेणुकाबाई कालवण घेऊन येते अन् दार वाजवून परत जाते, मंग दिसली का खुणेनं सांगते. घर खायाले उठते, मालन.

डॉक्टरीनबाईले सांग, मेलेल्याची वाट काऊन पाहता? माझा डोळा घ्या. कान गेलेच हायेत, एका डोळ्यानं भागते मले. तुझं उत्तर आलं का निघतो.

सांभाळून राह्य, दादाले इसरू नको.
वामन

हैदराबाद, १७ डिसेंबर

ती. दादास, मालनचा नमस्कार.

येड्या, निघू नको! जित्याचा डोळा घेत नाहीत. बाईले तुझं पत्र वाचून दाखवलं, तर ती हासली नाही, तुझं नाव इचारलं.

उजेड दोनदा दिला. बुरशी थांबली, डोळा काढा लागला नाही. पण त्यातून दिसत नाही, नुसती ऊन-सावली समजते. नजर यावी मनून पडदा बसवाच लागंल, मिळाला तर बोलावतील. काल वार्डात साऱ्यांचे सोयरे आले होते. मी भिंतीकडं तोंड करून लय रडली.

रविवारी सुट्टी देतात. रातच्या गाडीनं निघते, सोमवारी सकाळी आदिलाबाद टेशनावर ये. मी हाका मारल्या तर तुले आयकू येणार नाहीत, अन् एका डोळ्यानं मले गर्दीत माणूस लौकर गवसत नाही. मनून फलाटावरच्या नळापाशी उभा राह्य, अजिबात हालू नको. साऱ्यांले जाऊ देईन, मंग येऊन तुझा हात धरीन.

बाकी भेटीत.
तुझीच मालन