रंगीत तेवढे नेलेस

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. मासे फिके पडलेत, बाबा पाण्यात कुठलं औषध घालायचे ते कळव, एवढाच. आई कशी आहे हे विचारायचं राहिलं असेल. दातांचा डॉक्टर झालास, सवड नसते, मी समजू शकते. खरं तर अजिबात समजू शकत नाही.

बाबांनी पाण्यात औषध कधी घातलंच नाही. ते गेल्यावर तू टाकीतले निळे-तांबडे रेनबो मासे तेवढे जाळीने निवडून नेलेस, दवाखान्यात शोभतील म्हणून. मागे राहिलेल्या करड्या, त्या माद्या होत्या, अरे शहाण्या. सकाळी टाकीतला दिवा लागला की नर त्यांच्यापुढे पर फुलवून मिरवतात, तेव्हा त्यांना खरा रंग चढतो. तुझ्याकडे ते मिरवणार कोणापुढे? गाल धरून बसलेल्या पेशंटांपुढे?

इकडे आई अजूनही सकाळी चहा घेऊन टाकीपाशीच बसते. तिच्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचा झुबका बाबांनी पाण्यात सोडला होता, माद्या त्यात अंडी घालायच्या. तो झुबका ती अंडी दिसतात का म्हणून उजेडात धरून बघते आणि परत सोडते. नर परत मागवू म्हटलं तर माझ्यावरच डाफरली, त्याला हौस आहे, असू देत म्हणाली. तिची बाजू घ्यायला जावं तर ती तुझी बाजू घेते आणि मी तोंडघशी पडते. काल तुझा निरोप ऐकल्यापासून तर तिने माद्या तुला द्यायच्याच असं ठरवलंय, झाकणाची बादलीही धुऊन ठेवली. मग सकाळी तू काय बघत बसणार, असं विचारलं, तर म्हणे काच पुसत जाईन. तिचं एवढं एकच उरलं होतं रे, आणि तेही तुलाच.

परवा ती स्वतः बादली घेऊन बसने तुझ्याकडे येतेय. मागच्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने तिला नंबर देऊन रांगेत बसवलं, आणि तू आतून बघूनही उठला नाहीस. घरी येऊन तिने मला काय सांगितलं, तर खुर्च्या फार छान आहेत; बाकीचं मी तिच्याकडून खोदून खोदून काढलं. माशांसाठी मी तुला पत्र लिहिलं नसतं. परवा दार तू स्वतः उघड, आणि आधी तिच्या हातातली बादली घे.

तुझीच, राग न गेलेली,
ताई