आच मोठी ठेव, पण कढई उचलू नकोस

सातुर्नो,

सालतादो परतायला बीफ बोटाएवढं कापून ठेवलंय. कांदा, टोमॅटो, पिवळी मिरचीही चिरलीय, भात तयार आहे. आच मोठी ठेव आणि मांस दोन खेपांत टाक, नाहीतर पाणी सुटून शिजत बसेल. बघ, तुलाच शिकवतेय!

कढई उचलायला जाऊ नकोस. शेजारची एल्विया सातला येईल, ती हलवेल. तिच्यावर खेकसू नकोस. डॉक्टर म्हणालेत, रोज प्रोटीन पोटात गेल्याशिवाय उजव्या हातात पुन्हा जोर यायचा नाही. आणि तू काल "जेवलो" म्हणालास, ते सगळं मांस मला फ्रीजमध्ये मटारांमागे सापडलं. मी काय करू, तूच सांग. ओरडायलाही त्राण उरलं नाही.

खानावळीत तुझ्याजागी मी तुझ्याच चुलीपुढे उभी असते, तुझाच एप्रन बांधून. परवा एका गिऱ्हाइकानं ताट चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणालं, "उस्ताद परत आले वाटतं!" मी नुसती हसले. मालकांनी विचारलं, "कधी येतोय सातुर्नो?" म्हटलं, "सोमवारी."

गेले सात आठवडे हेच सांगतेय. आज पुन्हा सोमवार आहे.

नेलिदा