एका आठवड्याचा शेजार

प्रिय वन्सं,

तुमच्या भावानं हौसेनं या रिसॉर्टमधला वर्षातला एक आठवडा विकत घेतला होता, त्याच तळ्याकाठच्या खोलीतून लिहितेय. ते गेल्यावर मी इथं पाऊल टाकणार नव्हते. तुम्हीच मला बळेबळे गाडीत बसवलंत.

शेजारच्या खोलीतले घड्याळजी तुम्हाला ठाऊक आहेत. घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून आपण त्यांचं ते नाव ठेवलं. त्यांनीही हाच आठवडा घेतलेला. त्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. आज सकाळी गॅलरीत चहा पिताना ते एकदम म्हणाले, "वर्षातून एकच आठवडा शेजार पुरत नाही हो."

मी म्हटलं, "मग आणखी एक आठवडा विकत घ्या."

"घेईन. पण तेव्हा शेजारी तुम्ही नसाल, त्याचं काय? कायमचा शेजार द्याल?"

वन्सं, मला हसू आवरेना. हसता हसता हो म्हणून बसले! नंतर मात्र धडकी भरली. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून हे लिहायला घेतलं, तोच तुमचा फोन.

"वहिनी, घड्याळजींनी आत्ताच माझ्याकडे तुला मागणी घातली. मी आधी त्यांना चांगलं घामाघूम केलं, मग होकार देऊन टाकला. चालेल ना गं?"

मी इतकी रडले, की तुम्ही घाबरलात. अहो, आनंदानं रडत होते.

आता हे पत्र टाकायचं कारणच उरलं नाही. तरी सही करतेच.

आजपासून तुम्हीच जिचं माहेर,
ती तुमची वहिनी